बारा जणांचा संघ

खो-खोच्या संघात परंपरेने बारा खेळाडू असतात. नऊ मैदानावर आणि तीन राखीव. कबड्डीच्या संघातही बाराच. सात मैदानात, पाच बाहेर. हा हिशेब क्रीडाशिक्षकाखेरीज कोणी मुद्दाम करीत बसत नाही. परंतु यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या लहान हायस्कुलांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो याच आकड्यापासून सुरू करावा लागेल, असे आम्हांस वाटते. वर्ग आठवा, नववा आणि दहावा मिळून सत्तर विद्यार्थ्यांची एक शाळा घ्या. निम्म्या मुली धरल्या तर मुले उरतात पस्तीस. वयोगटाच्या अटीत न बसणारी, प्रकृतीने अशक्त, कापूस वेचणीच्या दिवसांत घरच्या शेतात अडकलेली आणि परगावी सामन्याला जाण्यास ज्यांना घरून परवानगी नाही, अशी मुले त्यांतून वजा करा. हाती राहतात पंधरा-सोळा. त्यांतून बारा घेणे याला निवड म्हणता येत नाही. ज्याला धावता येते तो संघात, एवढाच त्याचा अर्थ.

बारा या आकड्याशी आम्हां ख्रिस्ती जनांचे नाते निराळे सांगावयास नको. यहूदा गेल्यावर रिकामी झालेली जागा भरण्यासाठी प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकून मत्थियाला घेतले, ही कथा आपण सारे जाणतो. संघ अकरावर ठेवू नये, ही जाणीव त्या काळीही होती, असे गमतीने म्हणता येईल.

मोठ्या शाळेचे गणित उलटे असते. दीड हजार विद्यार्थ्यांच्या शाळेतही संघ बारा जणांचाच; बाकीचे टाळ्या वाजविणारे. अमेरिकेतील रॉजर बार्कर आणि पॉल गंप या मानसशास्त्रज्ञांनी कॅन्सस राज्यातील लहानमोठ्या हायस्कुलांचा अभ्यास करून १९६४ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मोठ्या शाळेत उपक्रम अधिक असतात हे त्यांना आढळलेच. परंतु त्या उपक्रमांत जबाबदारीची जागा मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण लहान शाळेत कितीतरी जास्त होते. लहान शाळेतील मुलाला आपण नसलो तर चालणार नाही हे ठाऊक असते. जे कॅन्ससच्या गव्हाळ प्रदेशात खरे ठरले, ते आमच्या कपाशीच्या मुलखात कोणी मोजून पाहिले नाही. पण ज्याने आपल्या शाळेच्या संघातून दोन-चार सामने खेळले आहेत, त्याला ते मोजून दाखविण्याची गरजही नाही.

या जिल्ह्याला हायस्कूल तसे उशिराच लाभले. १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. आजच्या यवतमाळ जिल्ह्याला तेव्हा वणीचे नाव होते, आणि इंग्रज अधिकारी ते आपल्या कागदपत्रांत 'वून' असे लिहीत. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडला, त्यातील पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्हा यवतमाळच्या नावाने ओळखला जाऊ लागला. कापसाच्या व्यापारामुळे मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. तीच पुढे 'शकुंतला' या लाडक्या नावाने घरोघरी पोहोचली. गाड्या कापसाच्या गठाणी घेऊन जात. शिकणारी मुलेही त्याच दिशेने जात. कारण शिक्षणाची मोठी केंद्रे जिल्ह्याबाहेर, अमरावतीस, अकोल्यास आणि नागपुरास होती. पुसद तालुक्यातील गहुली या तांड्यावर १९१३ साली जन्मलेले वसंतराव नाईक पुढे अकरा वर्षांहून अधिक काळ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. त्यांनाही पुढील शिक्षणासाठी अमरावती आणि नागपूर गाठावे लागले होते. ज्याच्या घरी तेवढी ऐपत आणि तेवढी हिंमत होती त्याचे निभावले. इतरांचे शिक्षण चौथीत नाही तर सातवीत संपे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटू लागले. १९५६ साली वऱ्हाड द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. आर्थिकदृष्ट्या मागासलेल्या कुटुंबांतील मुलांना फी माफ करण्याचे धोरण यशवंतराव चव्हाणांच्या काळात आले आणि शेतकऱ्याच्या मुलाला हायस्कुलाचा दरवाजा उघडला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. विदर्भात सरकारी हायस्कुले जिल्हा परिषदांकडे सोपविली गेली, म्हणून काही शाळांच्या फलकावर 'माजी शासकीय' हे शब्द पुढे कित्येक वर्षे राहिले. माणसाच्या नावामागे 'माजी' लागले की त्याचे काम संपले असे आपण समजतो. शाळेचे तसे झाले नाही. उलट त्यानंतरच गावोगावी हायस्कुले निघाली. काही जिल्हा परिषदेची, पण बहुतेक स्थानिक शिक्षण संस्थांची. गावचे पाटील, सोसायटीचे चेअरमन, एखादा पदवी घेऊन परतलेला तरुण असे चार लोक एकत्र येत, मंडळ नोंदवीत, आणि अनुदान मिळेपर्यंत मारुतीच्या देवळात किंवा कोणाच्या कोठ्यात वर्ग भरवीत. १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली आणि 'जुनी अकरावी' इतिहासजमा झाली, तोवर एसटीच्या बहुतेक वाटांवर दर काही कोसांनी एखादे हायस्कूल दिसू लागले होते.

इमारतीच्या आधी मैदान तयार होई. हे उदात्त हेतूने होई असे नव्हे. मैदानाला पैसा कमी लागे. पण काम सोपे नव्हते. हा काळ्या मातीचा मुलूख. उन्हाळ्यात तिला पाय मावेल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चपलेसकट माणसाला धरून ठेवते. अशा जमिनीवर खो-खोचा सूर मारणे म्हणजे हातपाय मोडून घेणे. म्हणून बैलबंड्यांनी मुरूम आणावा लागे, तो पसरून, पाणी मारून, दगडी रूळ फिरवून बसवावा लागे. पालकांचे श्रमदान, मुलांचे कार्यानुभवाचे तास, बंडी ज्याच्या घरची त्याच्या मुलाला थोडी मिजास. चुना नसला तर राखेने रेषा आखीत. सागाचे किंवा बाभळीचे दोन खांब रोवले की खो-खोचे मैदान उभे राहिले. कबड्डीला तर तेवढेही नको.

लहान शाळेला हेच खेळ का परवडले, याचे उत्तर येथेच आहे. क्रिकेटला बॅट, चेंडू, पॅड आणि अकरा जणांच्या दोन तुकड्या लागतात. हॉकीला काठ्या लागतात. कबड्डीला लागतो दम आणि खो-खोला लागतात पाय. हे खेळ आपल्या मातीतले खरेच, परंतु त्यांना नियमांची चौकट विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिळाली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने आणि पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने मैदानाची मापे, खेळाडूंची संख्या, डावांची वेळ ठरविली. विदर्भाच्या बाजूला हे काम अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने केले. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापन केलेल्या या मंडळाने १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपला चमू नेऊन कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके जगाला दाखविली. ही गोष्ट वऱ्हाडात अभिमानाने सांगितली जाते आणि ती सांगावी अशीच आहे. पण आमच्या खेड्यांच्या दृष्टीने मंडळाचे त्याहून मोठे काम म्हणजे तेथे तयार झालेले व्यायामशिक्षक. शिट्टी, पांढरा सदरा आणि नियमांचे पुस्तक घेऊन ते वऱ्हाडातील शाळांत पोहोचले. गावातली पोरे पूर्वीपासून हुतूतू खेळत होती. बोनस कशाला म्हणतात, लोण कधी चढतो, कोपऱ्यावरच्या खेळाडूने पकड कधी करावी आणि कधी चढाई करणाऱ्याला जाऊ द्यावे, हे त्यांना शिक्षकांनी सांगितले. विदर्भाचा आणखी एक आवडता खेळ म्हणजे आट्यापाट्या. त्यालाही जागेखेरीज काही लागत नाही.

सामन्यांची उतरंड ठरलेली असे: आधी केंद्र, मग तालुका, मग जिल्हा, मग विभाग. दिवाळीच्या आधी तालुका आटोपावा अशी शिक्षकांची इच्छा असे, कारण दिवाळीनंतर कापूस फुटला की अर्धा संघ शेतात. मारेगाव, झरी, घाटंजी, राळेगाव अशा तालुक्यांच्या आडगावातून निघालेला संघ पहाटेची एसटी धरी. सोबत घरची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि एखादी सतरंजी. मुक्काम यजमान शाळेच्या वर्गखोलीत, बाके भिंतीशी लावून. एकसारखे बनियन मिळाले तर भाग्य; नाही तर पाठीवर खडूने आकडा. बूट असलेल्या शहरी संघाशी अनवाणी खेळताना पहिली पाच मिनिटे छाती धडधडे. मग कोणीतरी चांगली पकड करी आणि पुढचे सर्व आपोआप होई. जिंकून आलेल्या संघाला एसटीच्या थांब्यापासून हलगी लावून आणीत. हरून आलेल्यांना कोणी काही विचारीत नसे, पण दुसऱ्या दिवशी साऱ्या गावाला गुणसंख्या पाठ असे.

अशा गावाला 'आमची शाळा' म्हणण्यासाठी निकालापेक्षा संघ अधिक उपयोगी पडला. दहावीचा निकाल हा एकेकट्या मुलाचा. तो ज्याच्या घरी लागला त्याच्या घरी पेढे. संघाचा निकाल सगळ्यांचा. आणखी एक गोष्ट येथे नोंदली पाहिजे. जेथे पाणवठ्यापासून पंक्तीपर्यंत जातीच्या रेषा स्पष्ट होत्या, तेथे कबड्डीच्या मैदानात साखळी करताना ज्याचा हात हाती येईल तो धरावा लागे. तांड्यावरचा बंजारा मुलगा, पोडावरचा कोलाम मुलगा, बौद्धवाड्यातला आणि पाटलाच्या वाड्यातला, असे चौघे शेजारी उभे राहत. मैदानाबाहेर गेल्यावर ते हात सुटत, हेही खरे. आम्ही त्याचे गोडवे गाणार नाही. पण हात धरले गेले ही साधी घटना त्या मुलांच्या लक्षात राहिली. संख्या थोडी असल्यामुळे कोणाला वगळणेच परवडत नव्हते.

मुलींच्या बाबतीत हा मुद्दा अधिक टोकदार होतो. खो-खो हा मुलींना लवकर मोकळा झालेला खेळ. गावातच हायस्कूल असले की शाळा सुटल्यावर तासभर सराव करून मुलगी दिवेलागणीच्या आत घरी पोहोचते. आई ओट्यावरून मैदान पाहू शकते. हीच मुलगी सात-आठ कोसांवरच्या शाळेत जाऊ लागली की तिचा दिवस गाडीच्या वेळेला बांधला जातो. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांनी मागास तालुक्यांतील हजारो मुलींना हायस्कुलापर्यंत पोहोचविले, हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण बस सुटण्याची वेळ शाळा सुटण्याच्या वेळेला चिकटलेली, आणि सराव तर शाळा सुटल्यावरच होतो. वेळापत्रकाच्या त्या फटीत मुलींचे किती संघ हरवले, त्याची नोंद कोठे होणार? जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, भारताच्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही चषक जिंकले, आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे, महाराष्ट्रातले होते. टाळ्या वाजविताना आमच्या मनात आले की हा खेळ आता मॅटवर खेळला जातो, आणि मुरमावर खेळणाऱ्या शाळेला मॅट घेणे परवडत नाही.

या जिल्ह्यात संघटितपणे खेळ टिकला तो एका वेगळ्या ठिकाणी, आश्रमशाळांत. पांढरकवडा आणि पुसद येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांच्या छत्राखाली चालणाऱ्या शाळांना आदिवासी विकास विभागाच्या स्वतंत्र क्रीडास्पर्धा आहेत. प्रकल्प, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी त्या होतात. आश्रमशाळेत मुले निवासी असतात, त्यामुळे सरावाला संध्याकाळ मिळते आणि संघाला संख्या मिळते. मात्र त्यासाठी कोलामाचे लेकरू पोड सोडून वर्षातले कितीतरी महिने दूर राहते. एकत्र करण्याची किंमत कोणीतरी भरतोच; येथे ती सात-आठ वर्षांचे मूल भरते.

आता आमच्या स्वतःच्या अंगणाकडे येऊ. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून वेगळा झाला. १९७७ साली औरंगाबाद धर्मप्रांत निघेपर्यंत मराठवाडाही त्यातच होता. यवतमाळ जिल्ह्यात आपण संख्येने थोडे आणि विखुरलेले. लहान संख्या म्हणजे काय हे आम्हांला कोणी शिकवावयास नको. बारा माणसे जमली तरी रविवारची मिस्सा होते. पट कमी म्हणून ती शेजारच्या धर्मग्रामात हलवीत नाहीत, निदान लगेच तरी नाही. संस्था माणसे पाहून जागा बदलतात हा अनुभवही या गावाला आहे. आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचे युनियन बिब्लिकल सेमिनरी हे ईश्वरविद्येचे महाविद्यालय १९५३ पासून यवतमाळात होते आणि १९८३ साली ते पुण्याला गेले. जाणाऱ्यांची कारणे रास्त असतीलही. मागे राहणाऱ्या गावाला कारणांचा फारसा उपयोग नसतो.

विदर्भात आज 'कॉन्व्हेंट' हा शब्द कोणत्याही इंग्रजी माध्यमाच्या शाळेला लावतात. तिचा चालक कोण, धर्म कोणता, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध उरलेला नाही. गणपतीची तसबीर दारात लावलेले 'कॉन्व्हेंट' आम्ही तालुक्याच्या गावी पाहिले आहे आणि त्यात वावगे काही नाही. परंतु शब्द आमचा आहे. मठवासी भगिनींच्या शाळांनी शिस्तीचा आणि इंग्रजीचा जो लौकिक मिळविला, त्या लौकिकावरच हा शब्द खेड्यात पोहोचला आणि त्याच्या मागोमाग पिवळी बस पोहोचली. २०१२ च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्याने अशा शाळा काढणे सुलभ केले. सकाळी साडेसहाला बस पांदणीच्या तोंडाशी हॉर्न वाजविते, आणि ज्यांच्या खिशाला झेपते त्यांची मुले टाय लावून तीत बसतात. गावच्या शाळेत उरतात ती ज्यांना झेपत नाही त्यांची. गावची शाळा सरकारने रिकामी केली असे आपण म्हणतो. ती आधी बसने रिकामी केली, सरकारने नंतर मोजली. आणि आपल्यापैकी किती कुटुंबांची मुले त्या बसमध्ये बसली, हे आपण आपल्याशी तरी लपवू नये. आम्हीही बसविली. इंग्रजी यावे, पुढे मुलांचे अडू नये, एवढाच विचार होता. बाराव्या खेळाडूचा विचार त्या वेळी मनात आला नाही.

सरकारने मोजणी केली ती अशी. २०१७ च्या अखेरीस दहाहून कमी पट असलेल्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये विसांहून कमी पटाच्या शाळांऐवजी 'समूह शाळा' उभारण्यासाठी प्रस्ताव मागविण्यात आले. राज्यात अशा १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले शिकत होती. नंदुरबारमधील तोरणमाळ आणि पुणे जिल्ह्यातील पानशेत येथील समूह शाळा नमुना म्हणून पुढे ठेवल्या गेल्या. शिक्षक संघटना आणि पालकांनी विरोध केला. मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निर्णयाने वरच्या वर्गांच्या शिक्षकपदांसाठीही वीस हा आकडा महत्त्वाचा केला, आणि प्राथमिक शाळांपुरता वाटणारा प्रश्न खेड्यातील हायस्कुलाच्या दाराशी आला. दरम्यान, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत आणखी एक आकडा निमूटपणे बसलेला आहे: सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कला, आरोग्य व शारीरिक शिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक. मैदान मात्र प्रत्येक शाळेला असावे असे तीच अनुसूची सांगते. मैदान सर्वांना, शिट्टी मात्र शंभरांना.

येथे दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. आठ मुलांच्या शाळेत खो-खोचा एक डावही होत नाही. एकच शिक्षक चार वर्ग, पोषण आहाराचा हिशेब आणि निवडणुकीची कामे सांभाळतो, तेथे मुलांचे नुकसानच होते. अशी मुले मोठ्या शाळेत गेली, तेथे मैदान, प्रयोगशाळा आणि पंधरा सोबती मिळाले, तर त्यांचे भलेच होईल. आमचा आक्षेप एकत्र येण्याला नाही. 'समूह' या शब्दाचा अर्थ वाटेत कसा बदलला, एवढेच आम्ही दाखवू इच्छितो. डॉ. दौलतसिंग कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने शाळा-समूहाची कल्पना मांडली होती. तीत एक हायस्कूल मध्यभागी आणि भोवतालच्या लहान शाळा त्याला जोडलेल्या. हायस्कुलाची साधने आणि शिक्षकांचा अनुभव सर्वांच्या कामी यावा अशी ती रचना. लहान शाळा आपापल्या गावीच राहत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा-संकुलाचा पुरस्कार करताना साधने व शिक्षक वाटून घेण्यावर भर दिला. शिक्षकाने फिरावे की मुलाने, हा खरा प्रश्न होता. एक व्यायामशिक्षक मोटारसायकलवरून पाच गावे करू शकतो. पाच गावांची मुले रोज एका गावी नेणे हे त्याहून खर्चिक, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की अशक्यही. पाच लहान शाळांचा मिळून एक संघ का उतरू नये, हेही कोणी विचारावयास हवे होते. बारा तर भरले असते.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात मायलन नावाचे एक लहान गाव आहे. १९५४ साली तेथील १६१ विद्यार्थ्यांच्या हायस्कुलाने बास्केटबॉलच्या राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२ विरुद्ध ३० असे हरविले. शेवटच्या क्षणी बॉबी प्लंप या मुलाने चेंडू टाकला आणि तो आत गेला. तेव्हा राज्यात लहानमोठ्या सर्व शाळा एकाच स्पर्धेत उतरत, गट नसत. पाच वर्षांनी, १९५९ साली, त्याच राज्याने शाळांच्या पुनर्रचनेचा कायदा केला आणि शेकडो लहान हायस्कुले एकमेकांत मिसळून गेली. अनेक गावांची नावे त्यानंतर केवळ जुन्या गुणफलकांवर उरली. १९८६ साली त्या विजयावर बेतलेला चित्रपट निघाला आणि जगभर पाहिला गेला. मायलनजवळ चित्रपट होता. आमच्या जिल्ह्यातील मुरमाच्या मैदानांजवळ काय आहे, हे शोधू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली.

शाळा बंद झाली की तिचे दाखल-खारीज रजिस्टर दुसऱ्या शाळेत जमा होते. ते जपावेच लागते. जन्मतारखेसाठी, जातीच्या दाखल्यासाठी पन्नास वर्षांनीही कोणी ना कोणी येतो. जडसंग्रहाच्या वहीतील बाके, घंटा, तराजू, नकाशे यांचीही मोजदाद होते. परंतु तालुक्याला जिंकलेली ढाल, मुख्याध्यापकांच्या खोलीतील संघाचे छायाचित्र, सामन्यांची गुणपत्रके, हे कोणत्याही रजिस्टरात नसते. त्यामुळे ते कोणाकडे जमा होत नाही. रंग उडालेल्या त्या छायाचित्रांच्या मागे बहुधा नावेही नसतात. तेव्हा ती सर्वांना पाठ होती.

ज्या वाचक कुटुंबांकडे, आजोबांच्या पेटीत, मावशीच्या ट्रंकेत किंवा धर्मग्रामाच्या कपाटात असे एखादे छायाचित्र असेल, त्यांना आमची एक विनंती आहे. त्यांतील जे कोणी हयात आहेत त्यांच्याजवळ ते घेऊन जावे, शिसपेन्सिलीने मागे शाळेचे नाव, गाव, तालुका आणि वर्ष लिहावे. मग खेळाडूंची नावे: आधी बसलेले, डावीकडून; नंतर उभे, डावीकडून. बारा भरतात का ते पाहावे. एखादे नाव आठवत नसेल तर ती जागा रिकामी सोडावी आणि शेजारच्या गावी विचारावे.